नीरा ओळ विसरली नव्हती

"खलाशी नीरा करेल. उंच आहे, आवाजही भरदार आहे. आणि मेकअपचा खर्च वाचला."

शिरीष असं म्हणाला आणि गॅरेजमधली सगळी मंडळी हसली. गाडी बाहेर काढून, हीटर लावून, खाली जुना गालिचा टाकून तिथे तालमीची जागा केली होती. न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थ गावातल्या मराठी मंडळींचं गणपतीचं नाटक दरवर्षी त्याच गॅरेजमध्ये बसायचं. शिरीष दिग्दर्शक. मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरमधला, चाळिशीचा, बोलायला गोड. त्याची बायको केतकी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसली. ट्रे हलून चहा सांडला, म्हणून पुन्हा हसली.

मीही हसलो.

नीरा माझी नात. मुलीची मुलगी. तेव्हा सोळा वर्षांची. रंगानं माझ्यावर गेलेली, काळी. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. तिनं गव्हर्नरच्या मुलीचं काम मागितलं होतं. त्यातलं एक भाषण पाठ करून आली होती, आणि आलेल्या सगळ्यांत ती चांगली बोलली. तरी शिरीष म्हणाला, "नाही, पण ती मुलगी गोरी पाहिजे. स्क्रिप्टमध्येच आहे तसं. हो ना सर?"

सर म्हणजे मी. नाटकाचं मराठी रूपांतर माझं. 'गोरीपान' हा शब्द माझ्या हातचा. पेनानं एक रेघ ओढली असती तर गेला असता.

मी म्हटलं, "हो. मूळ नाटकात आहे तसं."

नीरानं माझ्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "स्वीट ॲज," म्हणाली, म्हणजे चालेल. "खलाशी इज द बेटर पार्ट एनीवे."

घरी येताना ती गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली.

हे २०१४ सालचं. त्या नाटकाची एक गंमत आमच्या मंडळींत अजून सांगतात. नीरा ऐन शेवटी ओळ विसरली आणि नाटक कसं बोंबललं, ती गंमत. ती खोटी आहे. पहिल्यांदा ती मीच सांगितली. म्हणून हे मलाच लिहायला पाहिजे.

नाटक इंग्लंडच्या राणीच्या काळातलं, चारशे वर्षांपूर्वीचं. फारसं कुणी करत नाही. एका बंदराचा गव्हर्नर आणि त्याची एकुलती एक मुलगी. वादळात एक काळा खलाशी बंदरातली गलबतं वाचवतो. तोवर तो शूर. मुलगी त्याच्याशी गुपचूप लग्न लावते. त्या घटकेपासून तोच माणूस सैतान होतो, चेटक्या होतो. पाचव्या अंकात बाप स्वतःच्या हातानं मुलीला मारतो. इज्जत परत मिळवतो. मग तिचं प्रेत मांडीवर घेऊन लांबलचक बोलतो, आणि लोक रडतात. बापासाठी रडतात. खलाशालाही मारतात, पण ते दाखवत नाहीत. एक निरोप्या येतो आणि दोन ओळींत सांगून जातो.

आणखी एक. त्या काळी तिकडे बायका स्टेजवर येत नसत. ती मुलगी एखादा पोरगाच करायचा. जिच्या अब्रूवर पाच अंक चालायचे ती बाई तिथे नसायचीच. आमच्या गॅरेजमध्ये उलटं झालं. खलाशी व्हायला पुरुष कुणी तयार होईना. काळं व्हायचं, शिव्या खायच्या, कोण करणार. मग मुलगी चालली. माझी नात चालली.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी हे नाटक वर्षानुवर्षं शिकवलं. नोट्स द्यायचो. 'ही पित्याची शोकांतिका आहे. प्रेम आणि प्रतिष्ठा यांच्या कात्रीत सापडलेलं हे थोर मन आहे.' पोरं उतरवून घ्यायची, पेपरात तेच लिहायची, मी बरोबरची खूण करायचो. त्या बाकांवर आमच्या वस्तीतली पोरंही बसलेली असायची. पाटलाच्या घरातल्या मुलीनं आमच्यातल्या पोराबरोबर नाव जोडलं तर त्या पोराचं काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या निरोप्याच्या दोन ओळींबद्दल मी त्यांना एक वाक्य दिलं नाही. माझ्या नोट्स ज्या गाइडातून आल्या, त्यात ते नव्हतं. मी धरून चाललो, की महत्त्वाचं नसेल.

आम्ही कोण, हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. वडिलांनी मला शाळेत घालताना ते लावून घेतलं होतं. त्यावरून काही पत्ता लागत नाही. माणसं मग दुसऱ्या वाटेनं येतात. मूळचे कुठले? गावात कुठे? कोणत्या आळीला? पहिल्या वर्षी शिरीषनं गप्पांच्या ओघात विचारलं होतं, "सर, तुमचं कुलदैवत कोणतं?" आमच्या घरात दैवत नाही. वडिलांच्या पिढीनं सगळी नदीत सोडली. मी असं एक नाव सांगितलं की जे कुणाचंही असू शकतं. त्याचं समाधान झालं.

आमच्या घरात एक फोटो आहे. ज्यांच्यामुळे माझ्या बापाला वाटलं की पोराला शाळेत घालावं, त्यांचा. निळा कोट, जाड चष्मा. गावी तो दारातून आत आलं की समोर दिसायचा. इथे माझ्या मुलीनं, सुजातानं, तो बेडरूममध्ये लावला. कपाटाच्या बाजूला, पाहुणे जात नाहीत तिथे. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. भित्री नाही. पण म्हणाली, "आबा, एवढ्या लांब आलो ते कशासाठी? इथे परत तेच नको. नीराला तरी मोकळं वाढू दे."

मी मान डोलावली. बायको गेल्यावर मी मुलीच्या घरी राहायला आलेला माणूस. कुठली भिंत कशासाठी, हे मी काय सांगणार. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. गणपतीला बोलवायचे, आम्ही जायचो. मराठी बोलायला माणसं मिळायची. या गावात संध्याकाळ फार लांब असते.

तालमी रंगात आल्यावर शिरीषनं विषय काढला. "सर, एक प्रॉब्लेम आहे. बाप्पासमोर मुलीचा खून नको. सणासुदीचं मरण नको. लहान मुलं असतात."

"शेवट गोड करा ना," केतकी म्हणाली. "त्याच्या दंडावर ताईत सापडतो असं दाखवा. लहानपणी समुद्रात हरवलेला राजपुत्र. ढिगानं टाळ्या पडतील बघा."

"परफेक्ट! बापाची इज्जत पण राहिली आणि लग्न पण झालं." शिरीषनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "सर, हे तुम्हीच लिहा. तुमचं मराठी ऐकलं ना, की लगेच कळतं, घराणं कुठलं ते."

त्यानं हे कौतुकानं म्हटलं, आणि म्हणूनच मला तोंड उघडता आलं नाही. कुणी शिवी दिली असती तर उत्तर होतं. कौतुकाला काय उत्तर देणार? म्हणू काय, की हे मराठी मी कंदिलाखाली घोकून घोकून कमावलंय, कारण वर्गात माझ्या तोंडून वस्तीतला एक शब्द निघाला की मास्तर सगळ्या वर्गाला हसायला सांगायचे?

मी घरी आलो आणि लिहिलं. चांगलं लिहिलं. गव्हर्नर खलाशाचा हात धरतो, बाही वर सरकते, ताईत दिसतो. गव्हर्नर ओरडतो, हे तर राजकुळाचं चिन्ह! माझ्या मुलीनं कुळाला बट्टा लावला नाही! आणि खलाशी छाती काढून म्हणतो, "महाराज, या दंडातलं रक्त तुमच्याइतकंच शुद्ध आहे."

ही ओळ माझी. मूळ नाटकात नाही. त्या जुन्या इंग्रजानं खलाशाला निदान खलाशी म्हणून मरू दिलं होतं. मी तेवढंही ठेवलं नाही.

नीराला देवनागरी वाचता येत नाही. तिची वाक्यं मी रोमन अक्षरांत काढून द्यायचो. शेवटचा प्रवेश दिला तेव्हा ती किचनमध्ये उभ्यानं टोस्ट खात होती. वाचून झालं. पुन्हा वाचलं.

"आबा, सो इफ ही वॉजन्ट अ प्रिन्स, देन व्हॉट?"

"तो आहे ना राजपुत्र."

"बट इफ ही वॉजन्ट. देन द डॅड इज राइट?"

"बाळा, नाटक आहे ते."

"यू रोट इट."

तिनं टोस्ट ठेवला आणि हातानं बेडरूमकडे दाखवलं. फोटोतला माणूस कोण, हे तिला आईनं अर्धंमुर्धं सांगितलेलं होतं. बाकीचं तिनं स्वतः शोधून वाचलं असावं. "ही वुड हेट धिस," ती म्हणाली.

मी तिला काय म्हटलं असेल? "अभ्यास कर." एवढंच.

एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. स्टेजच्या एका अंगाला गणपती, त्याला लायटिंगच्या माळा. मी दुसऱ्या अंगाला विंगेत, खुर्चीवर, टॉर्च आणि स्क्रिप्ट घेऊन. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे होतं. शिरीष स्वतः गव्हर्नर झाला होता. गोरीपान मुलगी दुसऱ्या गावाहून, लोअर हटहून तालमीला यायची, ती बिचारी सारखी अडखळत होती. मी तिला जवळजवळ सगळं नाटक विंगेतून पुरवलं. नीराला एकदाही काही द्यावं लागलं नाही. पांढरा सदरा, काजळानं काढलेली मिशी. वादळाच्या प्रवेशाला तिनं टाळ्या घेतल्या. तिचं सगळं मराठी माझं होतं, एकेक शब्द मी तोंडात घालून बसवलेला. पण ती बोलायला लागली की ते माझं वाटत नव्हतं.

शेवटचा प्रवेश आला. शिरीषनं तिचा हात धरून वर केला. बाही सरकली. लाल दोऱ्यातला ताईत दिसला. "हे तर राजकुळाचं चिन्ह!" तो ओरडला. "माझ्या मुलीनं कुळाला बट्टा लावला नाही!" टाळ्या पडल्या.

आता नीराची ओळ.

ती गप्प.

मी हळूच दिली. "महाराज, या दंडातलं..."

तिनं मान वळवून विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी गॅदरिंगमध्ये आयुष्यभर प्रॉम्प्टिंग केलंय. विसरलेल्या माणसाचे डोळे मला माहीत आहेत. ते भिरभिरतात, हात जोडतात. नीराचे डोळे स्थिर होते. तिला माझ्याकडून ओळ नको होती. मी गप्प बसावं, एवढंच तिला हवं होतं.

मी पुन्हा ओळ दिली. मोठ्यानं. पुढच्या रांगेत ऐकू गेली, लोक हसले.

नीरानं शिरीषच्या हातातून आपला हात सोडवला. दोरा ओढून तोडला. ताईत त्याच्या तळहातावर ठेवला. आणि म्हणाली, "हा माझा नाही. मी खलाशी आहे. एवढंच."

मराठीत म्हणाली. माझ्याशी, आईशी, कुणाशीही जी मुलगी कधी मराठीत उत्तर देत नाही, ती भर हॉलमध्ये स्वतःचं मराठी बोलली. कुणी लिहून दिलेलं नव्हतं ते.

मग शिरीषनं वेळ मारून नेली. तयार माणूस. "बघा! राजपुत्र असून किती हा विनय!" लोक हसले, टाळ्या वाजल्या, त्यानं पडदेवाल्याला खूण केली. पडदा नीराच्या तोंडासमोरून गेला.

तिनं जे केलं ते टाळ्यांत बुडालं. तरी एक जागा उरली होती. मी उरलो होतो. मी पाहिलं होतं.

पडद्यामागे शिरीष तापला होता, पण आवाज गोडच. "काय हे सर? सगळ्यावर पाणी पडलं की. काय झालं हिला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. केतकी, ती लोअर हटची मुलगी, पडदेवाला. सुजाता मागच्या दारातून प्रसादाच्या प्लेट घेऊन आली होती, तीही. नीरा तिथेच, काजळाची मिशी अर्धी पुसलेली. तीही माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "विसरली ती. मराठी कच्चं आहे हो तिचं."

सुजातानं श्वास सोडलेला मला दिसला. सुटका झाल्यासारखा.

"आय डिडन्ट फर्गेट," नीरा म्हणाली. हळू.

"इट्स ओके बेटा," शिरीष म्हणाला. "होतं असं."

केतकी मला समजावत होती. "इथल्या मुलांना कितीही शिकवा सर, शेवटी भाषा रक्तात असावी लागते." आणि मी मान डोलावली. त्या वाक्याला मी मान डोलावली. नीराच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. ती रागानं झटकून नाही गेली. नुसती हाताखालून बाजूला झाली.

बाहेर पार्किंगमध्ये तिच्या शाळेतल्या नाटकाच्या बाई भेटल्या. गोऱ्या बाई, मराठीचं अक्षर कळत नाही, मुद्दाम नीरासाठी आलेल्या. मला म्हणाल्या, तो शेवट फार जबरदस्त होता, तिनं दंडावरचं काढून दिलं तेव्हा अंगावर काटा आला. ती काय म्हणाली?

नीरा गाडीत मागे बसली होती. काच उघडी होती. देवानं, नशिबानं, कुणी म्हणा, मला दुसरी संधी दिली होती. इथे शिरीष नव्हता, कुणी मराठी नव्हतं. त्या बाईला कुलदैवत म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. भ्यायचं कारणच नव्हतं.

"नथिंग," मी म्हणालो. "शी फरगॉट हर लाईन."

काच वर गेली.

तेव्हापासून नीरा माझ्याशी नीट बोलते. विचारलेल्याचं उत्तर देते. दक्षिण बेटावर शिकायला गेली, आईला फोन करते, आबा कसे आहेत विचारते. मला करत नाही. पुढच्या गणपतींना ती आली नाही. आम्ही गेलो. दरवर्षी जेवणाच्या वेळी कुणीतरी ती गंमत काढायचं. विनयशील राजपुत्र! सगळे हसून माझ्याकडे बघायचे. मी हसायचो. इतकी वर्षं मी त्या मुलीवर त्यांच्याबरोबर हसलो. गॅरेजमधल्या हसण्याला निदान एक सबब होती, की अचानक झालं. या हसण्याला नाही.

परवा शिरीषचा फोन आला. मंडळाची स्मरणिका निघणार आहे. "सर, ती नीराची गंमत लिहा ना. तुमच्याइतकं छान कोण लिहिणार?"

मी म्हटलं, "ती विसरली नव्हती."

"म्हणजे? सर, तुम्हीच तर सांगितलं होतं."

"हो. मी खोटं सांगितलं. ती ओळ तिला म्हणायची नव्हती, कारण तो ताईत आमच्या घरात कुणाच्याच दंडावर नव्हता. तुम्ही मला कुलदैवत विचारलं होतं, आठवतं? त्याचं खरं उत्तर मी तुम्हाला दिलं नाही. ते आज घ्या." आणि मी जात सांगितली. इंग्रजी शब्दाआड न लपवता, जसं गावात म्हणायचे तसं सांगितलं.

मग तो म्हणाला, "अहो सर, काय हे! आम्ही तसलं काही मानत नाही हो."

"नाही मानत," मी म्हटलं. "म्हणूनच खलाशी राजपुत्र निघाला."

"ते तुम्हीच लिहिलं होतं, सर."

तो खरं बोलला. मग म्हणाला, स्मरणिका हलकीफुलकी ठेवायची आहे, बघू.

त्या दिवशी मी फोटो काढला आणि बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावला. खिळा ठोकताना भिंतीचा थोडा रंग उडाला. सुजाता कामावरून आली. चपला काढता काढता थांबली.

"आबा, शनिवारी केतकी यायची आहे जेवायला."

"येऊ दे."

ती फोटोखाली उभी राहिली बराच वेळ. काढला नाही. लावलाय ते बरं केलं, असंही म्हणाली नाही. तिला इथे अजून नोकरी करायची आहे, राहायचं आहे. मी तिला काय देणार?

नीराला सगळं लिहून पाठवलं. याही वेळी रोमन अक्षरांत. तिनं वाचल्याची खूण आली. उत्तर नाही. ते येईल असं मी धरून चालत नाही. माफी मागणाऱ्याला वाटतं की समोरचं माणूस तिथेच थांबलेलं असतं. नीरा थांबलेली नाही. ती त्याच दिवशी स्टेजवरून पुढे गेली. मागे विंगेत मी राहिलो.

हे लिखाण मी स्मरणिकेला देतोय. एक शब्द बदलू देणार नाही. छापलं तर छापलं. नाही छापलं तर येत्या गणपतीत त्याच हॉलमध्ये मी उभा राहीन. प्रॉम्प्टिंगची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. मी नाव सांगेन, गाव सांगेन, गावाबाहेरची आमची वस्ती सांगेन, आणि मग सांगेन की माझी नात ओळ विसरली नव्हती, ओळच खोटी होती आणि ती मी लिहिली होती. कुणी हसलं तर हसू दे. या खेपेला मी हसणार नाही. शिरीष पडदा ओढायची खूण करील, मला माहीत आहे. ओढू दे. मी पडद्याच्या पुढे उभा असेन.